गच्चीवरचा मटार: कपातलं रोप ते पिशवीतली शेंग

ठिकाण: ठाणे पश्चिम, सात मजली इमारतीची गच्ची. पूर्वेला पाण्याची टाकी, तिच्या पायथ्याशी सकाळी अकरानंतर सावली. काम: मटाराची रोपं आधी लहान भांड्यांत करायची, मग मोठ्या पिशव्यांत लावायची आणि भांड्यांतल्या पेरणीच्याच दिवशी थेट पिशवीत पेरलेल्या मटाराशी ताडून पाहायची.

१ नोव्हेंबर

आधी तारखा ठरवल्या. थंड मुलखात मटार घरात रुजवून घेतात तो हिमापासून वाचवायला. ठाण्यात तेच काम उन्हापासून वाचवायला करायचं. आज दुपारी दोन वाजता उघड्या पिशवीत पाच सेंटिमीटर खोल थर्मामीटर खुपसला, ३६ अंश. मटाराचं बी १८ ते २४ अंशांत उत्तम रुजतं. माती तिशीपुढे गेली की रुजण्याआधी सडण्याची शक्यता जास्त. टाकीच्या सावलीत लाकडी फळीवर ठेवलेल्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) त्याच वेळी २८ होतं. हे आठ अंश मिळवण्यासाठीच ही सगळी खटपट.

दुसरी बाजू फुलांची. ठाण्यात डिसेंबर-जानेवारीतही दिवस तिशीच्या आसपास असतो, पण रात्र उतरते आणि मटार त्या रात्रींवर तग धरतो. फेब्रुवारीच्या मध्यावर ऊन चढलं की फुलं गळतात, शेंगेत दोन-तीनच दाणे भरतात. म्हणजे फुलं डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात यायला हवीत. अर्केल जातीला पेरल्यापासून ३५ ते ४० दिवसांत फूल आणि ५५ ते ६० दिवसांत पहिला तोडा मिळतो. मागे मोजत आलं की पेरणी १० ते १५ नोव्हेंबरला येते.

सासवडकडे वाटाणा जून-जुलैत पेरतात, म्हणून ठाण्यातही पावसाळ्यात पेरून पाहणारे असतात. तिथलं पुरंदरचं पठार उंचावर आहे, पाऊस कमी आणि हवा गार. इथल्या जुलैच्या पावसात आणि दमटपणात तेच बी दोन दिवसांत चिखलात विरघळतं. ते वेळापत्रक इथे चालत नाही.

४ नोव्हेंबर

बी: अर्केल, ५० ग्रॅमचं पाकीट. रोप ४०-५० सेंटिमीटरच वाढतं, म्हणून पिशवीला सोयीचं. पाकिटावरची चाचणीची तारीख आणि उगवणीचा आकडा आधी पाहावा. यावर किमान ७५ टक्के छापलंय. गुलाबी रंगाचं, थायरम हे बुरशीनाशक लावलेलं बी मुद्दाम टाळलं, कारण त्या औषधासोबत रायझोबियम (मुळावर गाठी करून नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळवून देणारे जिवाणू) नीट टिकत नाही.

ठाण्यातल्या जांभळी नाक्यावर उसळीसाठी मिळणारा सुका वाटाणाही रुजतो, पण तो गोल, पिठूळ दाण्याचा आणि बऱ्याचदा उंच वाढणारा. गोड मटाराचं बी सुरकुतलेलं असतं. त्यात साखर जास्त, म्हणून ते पाणी अधिक शोषतं आणि बुरशीला लवकर बळी पडतं. गोल वाटाणा जे सोसतो ते याला सोसत नाही, पुढची सगळी काळजी त्यामुळेच.

उगवण तपासायला २० बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवल्या. डबा स्वयंपाकघरात, ओट्याखाली.

८ नोव्हेंबर

२० पैकी १६ बियांना पांढरं मूळ फुटलं. ८० टक्के, म्हणजे एका जागी एकच बी पुरे. हाच आकडा ६० असता तर दोन-दोन टाकावी लागली असती.

आज भांडी केली.

क) कागदी ग्लास, २१० मिलीचे, २४ नग. तळाला तापलेल्या खिळ्याने चार भोकं. कटिंग चहाचे छोटे कप घेऊ नयेत, मूळ आठवड्यात तळ गाठतं.

ख) वर्तमानपत्राच्या नळ्या, २४ नग. पाच सेंटिमीटर जाडीच्या बाटलीभोवती कागदाची १५ सेंटिमीटर रुंद पट्टी तीन वेढे गुंडाळायची, खालचा पाच सेंटिमीटर भाग आत दुमडून तळ करायचा. नळी दहा सेंटिमीटर उंच होते. डिंक, टेप काही नको. एका क्रेटमध्ये खेटून उभ्या केल्या की एकमेकींना धरून राहतात.

ग) पन्हळ. चार इंची पीव्हीसी पाइप उभा चिरून ६० सेंटिमीटरचे दोन तुकडे. दोन्ही टोकांना गोणपाट कोंबून वरून टेप. तळाला ड्रिलने तीन भोकं. लावताना टेप काढून मातीची अख्खी पट्टी चरात सरकवायची, रोपाला हात लावायचाच नाही, ही कल्पना.

अंड्याची टरफलं आणि अंड्याचे ट्रे वगळले. मटार सोटमुळाचं पीक आहे, रोप बोटभर होईपर्यंत मूळ त्याच्या दीडपट खाली गेलेलं असतं. टरफलात ते गोल फिरत राहतं.

१० नोव्हेंबर

मिश्रण: कोकोपीट ३ भाग, चाळलेलं गांडूळखत १ भाग, लाल माती १ भाग. कोकोपीटची ६५० ग्रॅमची वीट तीन-साडेतीन लिटर पाण्यात फुगवली, साधारण नऊ लिटर झाली. मग दोनदा साध्या पाण्यात धुऊन पिळली. कोकोपीटमध्ये नारळाच्या काथ्यातले क्षार राहतात आणि कोवळ्या मुळाचं टोक त्याने करपतं. पहिल्या धुण्याचं पाणी गर्द चहाच्या रंगाचं निघालं, दुसऱ्याचं फिकं.

शेणखत घातलं नाही. अर्धकच्चं असेल तर तापतं, शिवाय मटाराला या वयात नत्र नकोच. दाण्यात पुरेसा साठा असतो.

ओल किती असावी? मूठभर मिश्रण घट्ट दाबावं. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले तर बरोबर, धार लागली तर जास्त.

११ नोव्हेंबर: पेरणी

सकाळी सातला बी भिजत घातलं, दुपारी एकला उपसलं. सहा तास. रात्रभर भिजवण्याची सवय हरभऱ्या-मुगाची आहे. मटाराचं सुरकुतलेलं बी दहा-बारा तास पाण्याखाली राहिलं की गुदमरतं आणि त्यातली साखर पाण्यात उतरते. पेरल्यावर हीच साखर बुरशीला आमंत्रण देते. पाणी फेसाळ आणि किंचित आंबूस झालं तर ते बी पेरू नये.

निथळून आधी ट्रायकोडर्माची (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) भुकटी चोळली, पाव चमचा. नंतर गूळ घालून उकळलेल्या आणि पूर्ण गार केलेल्या दोन चमचे पाण्यात पाव चमचा रायझोबियम कालवून बियांवर फिरवलं. पाकिटावरचं प्रमाण १० किलो बियांना २५० ग्रॅम आहे. एवढ्याशा बियांना थोडं जास्त झालं तरी बिघडत नाही. मात्र ते वाटाणा-मसूर गटाचंच हवं, हरभऱ्याचं किंवा सोयाबीनचं रायझोबियम मटाराच्या मुळावर गाठी धरत नाही. सावलीत अर्धा तास सुकवून लगेच पेरलं.

खोली तीन सेंटिमीटर, तर्जनीचं सव्वा पेर. ग्लासात आणि नळीत एकेक, पन्हळीत १६-१६, थेट पिशवीत २०. एकूण १००. पेरल्यावर एकदाच झारीने, तळातून पाणी येईपर्यंत. यानंतर कोंब दिसेपर्यंत वरचा थर फिका पडल्याशिवाय पाणी नाही.

१४ नोव्हेंबर

वर काही नाही. एक नळी उकरून पाहिली. बी दुप्पट फुगलेलं, साल फाटलेली, मूळ दोन सेंटिमीटर सरळ खाली. परत झाकलं. दुपारी फळीवर २७ अंश, उघड्या पिशवीत ३५.

१६ नोव्हेंबर

कोंब आले. मटार वर येताना मान वाकवून येतो. फिकट पिवळसर, आकडीसारखा वळलेला देठ आधी माती फोडतो आणि दिवसभरात सरळ होऊन हिरवा पडतो. घेवड्यासारख्या डाळिंब्या वर येत नाहीत, दाणा जमिनीतच राहतो. म्हणून पेरणी उथळ नको. पाण्याच्या धारेने उघडा पडलेला दाणा सुकला तर रोपाची शिदोरी गेली.

ग्लास १५, नळ्या १७, पन्हळ १४, पिशवी ९.

१८ नोव्हेंबर

ग्लास १९, नळ्या २०, पन्हळ २३, पिशवी १३.

पन्हळीत एक गोष्ट नजरेत भरली. दोन्ही तुकड्यांत एकाच बाजूच्या टोकाला सलग चार-चार जागा रिकाम्या. तिथलं बी बाहेर काढलं. दोन बोटांत धरताच साल निसटून आली, आत दाण्याऐवजी तपकिरी पिठूळ लगदा आणि आंबलेल्या ताकासारखा वास. शेजारचं जिवंत बी चण्यासारखं टणक होतं.

कारण गच्चीच्या उतारात आहे. पाणी निचऱ्याच्या पाइपाकडे जावं म्हणून लादीला उतार असतो, पन्हळी त्याच उतारावर लांबीच्या दिशेने ठेवल्या होत्या. सगळं पाणी खालच्या टोकाला साचलं, भोकं फक्त मधे आणि तीही लादीला टेकून बंद. पन्हळी उचलून दोन-दोन विटांवर उताराला आडव्या ठेवल्या, दर दहा सेंटिमीटरला सहा मिलिमीटरचं भोक पाडलं. रिकाम्या जागी नवीन बी टाकलं नाही. वयात आठवड्याचं अंतर पडलं की लावणी एकदम जमत नाही.

वर्तमानपत्राच्या नळ्यांवर बाहेरून पांढरी कापसासारखी बुरशी आली आहे. ती कागद खाते, रोपाला काही करत नाही. देठ मातीलगत पाणचट होऊन बारीक झाला तर मात्र तो कोलमडणारा रोग, ते रोप काढून टाकावं. असं एकही नाही.

२० नोव्हेंबर

थेट पिशवीतल्या १३ पैकी ७ रोपं कबुतरांनी सकाळी सात ते आठच्या दरम्यान खुडली. रोप खात नाहीत, उपटून खालचा दाणा काढतात. ज्यांचा दाणा मातीतच राहिला आणि फक्त शेंडा तुटला अशी तीन आहेत. ती तशीच ठेवली, मटाराच्या देठावर मातीलगत खवल्यासारखी बारीक पानं असतात, त्यांच्या बेचक्यातून नवा फुटवा येतो.

कबुतर जाळी आज बांधली, पेरणीच्या दिवशीच बांधायला हवी होती. जाळी पिशवीपासून किमान एक फूट वर ताणावी. रोपांवर टेकली की कबुतर तिच्यावर बसून फटींतून चोच घालतं आणि आठ दिवसांनी तणावे (वेलाचे आधार धरणारे तंतू) जाळीत गुंततात ते वेगळंच.

२३ नोव्हेंबर

रोपं सहा-सात सेंटिमीटर. पाणी: ग्लासाला रोज सकाळी ३० मिली, दोन मोठे चमचे. ग्लास उचलून वजनावर ओळखणं सगळ्यांत खात्रीचं. हलका लागला तरच पाणी. पन्हळीला दिवसातून दोनदा लागतं, तिची खोली जेमतेम साडेपाच सेंटिमीटर असल्याने दुपारपर्यंत कड सुकते.

२५ नोव्हेंबर

उन्हाची सवय लावायला सुरुवात. आज सकाळी आठ ते दहा, उद्या अकरापर्यंत, असं रोज तासभर वाढवत चौथ्या दिवशी एकपर्यंत. सावलीतलं रोप एकदम उघड्यावर ठेवलं तर पानांवर कागदासारखे पांढरे डाग पडतात आणि ते भरून येत नाहीत.

नळ्यांच्या तळातून मुळं डोकावू लागली आहेत. रोपांवर तीन खरी पानं. लावणीची वेळ ओळखायची खूण हीच: मूळ तळाला दिसावं, पण वेढा घालू नये.

२७ नोव्हेंबर

मोठ्या पिशव्या भरल्या. ६० × ३० × २५ सेंटिमीटर, एकीत ४५ लिटर. लाल माती ४ भाग, कुजलेलं शेणखत ३, कोकोपीट ३, वर पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. युरिया किंवा कोंबडीखत अजिबात नाही. नत्र आयतं मिळालं की मुळावर गाठी कमी धरतात, पाला माजतो आणि फूल लांबतं.

ओली पिशवी ५० किलोच्या आसपास भरते. त्या कठड्यालगत, खालच्या तुळईच्या रेषेवर ठेवल्या, स्लॅबच्या मधोमध नाहीत. खाली विटा, म्हणजे लादी सुकत राहते.

२८ नोव्हेंबर: लावणी

रोपांचं वय १७ दिवस, उंची नऊ-दहा सेंटिमीटर. भांड्यांना तीनला पाणी दिलं, लावणी पाचला. सुकी माती ढासळते आणि फार ओली चिखलासारखी निसटते, दोन तास आधी पाणी दिलं की गोळा एकसंध येतो.

कागदी ग्लास जसाच्या तसा पुरू नये. त्याला आतून प्लास्टिकचा पातळ थर असतो, तो कुजत नाही आणि मुळं आतच कोंडतात. कात्रीने उभा चिरून कागद सोलून काढला, रोप देठाला न धरता मातीच्या गोळ्याला धरून बसवलं. १९ पैकी सहा ग्लासांत मूळ तळाशी एक वेढा फिरलेलं आढळलं. सरळ भिंतीच्या गुळगुळीत भांड्यात हे होतंच. तीन दिवस आधी लावायला हवं होतं.

वर्तमानपत्राच्या नळ्या कागदासकट लावल्या, फक्त तळाचा दुमड उलगडला आणि मातीच्या वर येणारी कड फाडून टाकली. ती कड वर राहिली तर वातीसारखं काम करते, खालची ओल शोषून हवेत सोडते आणि भोवतालची माती ओली असूनही रोप सुकतं.

पन्हळ. आठ सेंटिमीटर खोल चर काढला, एका टोकाचा टेप आणि गोणपाट काढून फळीच्या तुकड्याने मागून ढकललं. पहिली पट्टी मधे तुटली आणि दोन रोपं मुळापासून सुटली. दुसरी नीट गेली, कारण पन्हळ ढकलायच्या ऐवजी चरात टेकवून तीच मागे ओढली. पट्टी जागेवर राहते, पन्हळ निघून येते. तीच पद्धत बरोबर.

दोन ओळी, मधे २० सेंटिमीटर, रोपांत सहा. लावल्यावर पिशवीमागे तीन लिटर पाणी आणि दोन दिवस ५० टक्क्यांचं हिरवं शेडनेट.

१ डिसेंबर

क (ग्लासांतली रोपं) आणि ख (नळ्यांतली) पिशवीत एकही रोप मान टाकून नाही. ग (पन्हळीतली) मधली सुटलेली दोन गेली, उरली २१. थेट पिशवीत शेंडे तुटलेल्या तिन्ही रोपांना फुटवे आले, एकूण नऊ.

आज दुसरी तुकडी पेरली, ३० बिया, फक्त नळ्यांत.

७ डिसेंबर

आधार. मटाराचा तणावा बारीक वस्तूलाच वेढा घालतो, बांबू त्याला जाड पडतो. दोन टोकांना बांबू, मधे दर दहा सेंटिमीटरला सुतळीचे आडवे पदर, चार ओळी. तुरीच्या वाळलेल्या काटक्या मिळाल्या तर त्याहून उत्तम, पण शहरात त्या शोधाव्या लागतात.

१३ डिसेंबर

दुसऱ्या तुकडीची लावणी बाराव्या दिवशीच केली. हवा गार झाली आहे, ३० पैकी २६ उगवली. मूळ कुठेही फिरलेलं नाही.

पहिल्या तुकडीतलं एक अशक्त रोप मुळासकट उपटून पाण्यात धुतलं. मुळांवर मोहरीएवढ्या गाठी. नखाने फोडल्यावर आत गुलाबी. गुलाबी म्हणजे गाठ नत्र धरते आहे, आतून हिरवट किंवा राखाडी असेल तर नाही. आता वरून खत द्यायची गरज नाही.

२१ डिसेंबर

पहिली पांढरी फुलं १९ ला, ख पिशवीत. पेरल्यापासून ३८ दिवस. क मध्ये आज, ग आणि थेट पिशवीत २० ला. म्हणजे रोपं करून लावल्याने दिवस वाचले नाहीत, वाचली ती रोपं. शिवाय २७ नोव्हेंबरपर्यंत त्या पिशव्यांत मेथी घेता आली, हा फायदा छोटा नाही. फुलावर असताना पाणी चुकवायचं नाही, एक दुपार कोरडी गेली की फुलं गळतात.

३० डिसेंबर

खालच्या पानांवर भुरी, पिठासारखा पांढरा थर. अर्केलला ती लवकर लागते. लागलेली पानं काढली, पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, संध्याकाळी फवारलं. दुपारच्या उन्हात फवारलं तर पानं भाजतात. अर्का अजित ही जात भुरी आणि तांबेरा दोन्हींना दाद देत नाही, पुढच्या हंगामात एक पिशवी तिची.

शेंड्यांवर थोडा मावा, पाण्याच्या फवाऱ्याने धुऊन गेला.

७ जानेवारी

पहिला तोडा. शेंग भरलेली, पण साल अजून चकचकीत असताना घ्यावी. साल निस्तेज झाली की दाण्यातल्या साखरेचं पीठ होतं. एका हाताने वेल धरून दुसऱ्याने शेंग तोडायची, ओढली तर अख्खी फांदी येते. क ३२० ग्रॅम, ख ४१०, ग ३५०, थेट पिशवी १४०.

२८ जानेवारी

तिसरा तोडा आणि शेवट. एकूण: क ८१० ग्रॅम, ख ९६०, ग ८६०, थेट ३९०. थेट पिशवीत रोपामागे वजन कमी नव्हतं, रोपंच नऊ होती. दुसऱ्या तुकडीवर अजून फुलं आहेत.

वेल मातीलगत कापले, मुळं आतच ठेवली. पिशव्यांत उद्या चवळी. पन्हळी धुऊन ठेवल्या, पुढच्या वेळी त्या चार इंचीऐवजी सहा इंची पाइपाच्या करायच्या. कागदी ग्लास घ्यायचे नाहीत.